रुंद स्की सगळीकडे चालते, हे खरं नाही

माझ्या भाच्याने परवा रात्री एक मेसेज पुढे पाठवला. शिकायला व्हँकुव्हरला आला त्याला तीन हिवाळे झाले. तिन्ही हिवाळे त्याने भाड्याच्या स्कीवर काढले आणि आता पार्ट-टाइम कामातून पैसे साठवून स्वतःची पहिली जोडी घेतोय. "मावशी, हे वाच आणि हो म्हण, उद्या ऑर्डर टाकतो." मेसेज मला नवा नव्हता. कॅल्गरी, सिॲटल, डेन्व्हरच्या मराठी ओळखींतून तो गेल्या दोन हिवाळ्यांत चारेक वेळा तरी आलाय. मजकूर थोडक्यात असा:

"एकच जोडी घ्यायची तर फ्रीराइडच घ्या, कंबर 110 मिलिमीटरच्या वर. रुंद स्की सगळीकडे चालते. दोन्ही टोकं वळलेली असली की पार्कचंही काम झालं. बाइंडिंग बरोबर मधोमध बसवा. लांबी उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर कमी. धातूचे थर असलेली कडक स्की घ्या, पुढे बदलावी लागत नाही. बाइंडिंग 16 डिनचं घ्या, आयुष्यभराची काळजी मिटली."

(फ्रीराइड स्की म्हणजे मशीन न फिरवलेल्या मोकळ्या बर्फात उतरायची स्की. पार्क म्हणजे उड्या, लोखंडी रेल आणि प्लास्टिकचे बॉक्स मांडलेली जागा. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. डिनचं पुढे येईलच.)

मी हो म्हटलं नाही. यातल्या बहुतेक ओळी मी एके काळी पैसे मोजून पाळल्या आहेत आणि त्यापायी माझे दोन हिवाळे धडपडण्यात गेले. त्याचे जाऊ नयेत.

सगळ्यात आधी रुंदीचं बोलू, कारण मेसेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. स्कीची कंबर म्हणजे बुटाखालचा तिचा सगळ्यात अरुंद भाग. खोल, भुसभुशीत बर्फात रुंद स्की तरंगते, यात वाद नाही. वजन जास्त जागेवर पसरतं, स्की बुडत नाही. पण "सगळीकडे" या शब्दात टणक बर्फही येतो, आणि तिथे हिशोब उलटतो. स्कीच्या बुटाचा तळ पुढच्या बाजूला 69 मिलिमीटर रुंद असतो, ते माप प्रमाणित आहे. 115 कंबरेची स्की असेल तर तिची कड बुटाच्या दोन्ही बाजूंना 23-23 मिलिमीटर बाहेर येते. टणक उतारावर वळताना सगळं वजन त्या एका कडेवर येतं. कड पायाच्या जितकी बाहेर, तितकी ती स्कीला परत आडवं पाडायला बघते, आणि तिला उभं धरून ठेवायचं काम घोट्याला आणि गुडघ्याला करावं लागतं. 98 ची कंबर असेल तर तेच अंतर साडेचौदा मिलिमीटरवर येतं. कागदावर फरक किरकोळ दिसतो. दुपारी तीन वाजता मांड्यांना विचारा.

व्हँकुव्हरजवळचा आमचा स्कीचा डोंगर व्हिस्लर, तिथे हे फार लवकर कळतं. गाव 675 मीटरवर आणि व्हिस्लरचं शिखर 2,182 मीटरवर. समुद्र जवळ असल्याने हवा दमट. एकाच दिवशी वर कोरडा ताजा बर्फ, मधे ओल्या सिमेंटसारखा जड बर्फ आणि खाली पाऊस, असं इथे सर्रास होतं. रात्री गारठा पडला की तोच पावसाचा थर काचेसारखा गोठतो. अशा सकाळी मी 116 च्या स्कीवर खालच्या उतारावर उभी होते. तो आवाज अजून कानात आहे, तव्यावर उलथनं खरवडल्यासारखा. कड लावली की क्षणभर धरायची, मग सुटायची, परत धरायची. बाजूने सात-आठ वर्षांची पोरं अरुंद स्कीवर सरसर वळणं घेत गेली. माझ्यात शिकण्यासारखं पुष्कळ होतं हे खरं, पण त्या सकाळी अडचण पायाखाली होती.

रुंद स्कीचा आजचा अवतार आला कुठून तेही पाहण्यासारखं आहे. व्हँकुव्हरला जन्मलेला स्कीपटू शेन मॅकॉन्की खोल बर्फावर पाण्यावरच्या स्कीसारखं तरंगता येईल का, याच्या मागे लागला होता. त्यातून 2002 मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅच्युला आली. मधोमध सगळ्यात रुंद, दोन्हीकडे निमुळती, टोकं वर उचललेली. नेहमीच्या स्कीच्या आकाराच्या बरोबर उलट. ती खोल बर्फासाठीच घडवली होती. आज टोकाशी जो रॉकर, म्हणजे वर उचललेला बाक, जवळपास प्रत्येक फ्रीराइड स्कीला दिसतो, त्यामागे हे धाडस मोठं आहे. मॅकॉन्कीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याने एका बर्फासाठी शोधलेलं उत्तर सगळ्या बर्फांना चिकटवणं हा त्याच्या कामाचाही मान नव्हे.

शिवाय रुंदी सारखी म्हणून स्की सारखी, असंही नसतं. अटॉमिकची बेंट 100 आणि नॉर्डिकाची जुनी एन्फोर्सर 100 दोन्ही हातात घेऊन बघा. कंबर दोन्हींची शंभर. पहिली हलकी, खेळकर, उडी मारून फिरायला सोपी. दुसरीत धातूचे थर, वजन जास्त, वेगात रुळावरच्या गाडीसारखी शांत. नुसता आकडा बघून घेणाऱ्याला या दोन्ही एकच वाटतील.

आता दोन्ही टोकं वळलेल्या स्कीची, म्हणजे ट्विन-टिपची गोष्ट. तिचाही इतिहास आमच्याच डोंगराशी जोडलेला आहे. व्हिस्लरचा स्कीपटू माइक डग्लस आणि त्याचे कॅनेडियन साथीदार स्नोबोर्डवाल्यांसारखं उलटं उतरायचं, उलटं झेपावायचं म्हणून धडपडत होते, आणि 1998 मध्ये सॉलोमनची टेनएटी बाजारात आली. मागचं टोक वळलेलं असल्याने स्की उलटी जाताना बर्फात रुतत नाही. वळलेल्या टोकाचं मुख्य काम एवढंच. स्की पार्कमध्ये टिकणार की नाही हे ठरतं कडेच्या पोलादी पट्टीच्या जाडीवर, तळाच्या जाडीवर आणि बुटाखालच्या लाकडी गाभ्यावर. कित्येक हलक्या फ्रीराइड स्की दोन्हीकडे वळलेल्या असतात, पण त्यांची कड बारीक असते. लोखंडी रेलवर घसरताना ती बुटाखालीच तडकते. माझ्या एका जोडीला अशी चीर आहे. डोळ्यांना केसाएवढी दिसते, पण नखाने कडेवरून फिरवत गेलं की टक्कन अडकतं. त्या चिरेतून पाणी आत शिरतं, गाभा फुगतो, आणि मग दुरुस्तीला फारसं काही उरत नाही.

मेसेजमध्ये न आलेली एक गोष्ट इथेच सांगते. रेलवर कड अडकू नये म्हणून पार्कवाले बुटाखालची कड कानशीने बोथट करतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण तीच कड दुसऱ्या दिवशी टणक उतारावर धरत नाही. महिन्यातून दोनदा पार्कात जाणाऱ्याने कड नुसती हलकेच गोल करावी, आणि रेलपेक्षा प्लास्टिकच्या बॉक्सवर आणि छोट्या उड्यांवर जास्त वेळ घालवावा. स्की दोन हिवाळे जास्त टिकते.

बाइंडिंग मधोमध बसवायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो पाळला की स्कीला भोकं पडतात आणि चूक सहज पुसता येत नाही. जो रोज पार्कात गोल फिरतो, उलटा उतरतो, त्याला बरोबर मध्य किंवा त्याच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मागे बसवणं शोभतं. पुढे-मागे सारखं वजन, फिरणं सोपं. पण खोल बर्फात पुढे पुरेशी स्की उरत नाही, टोक खाली जातं, आणि ते वर ठेवायला माणूस दिवसभर मागे रेलून उभा राहतो. माझी ती 116 ची जोडी एका दुकानात अशीच मधोमध बसवून मिळाली होती. मी कुठे, कशी स्की करते हे कोणी विचारलं नाही, आणि मलाही विचारायला हवं हे ठाऊक नव्हतं. पुढे बाइंडिंग मागे सरकवलं. नवं भोक जुन्यापासून निदान सेंटीमीटरभर दूर लागतं, त्यामुळे हवी ती जागा मिळेलच असं नाही. सगळीकडे फिरून अधूनमधून पार्कात जाणाऱ्यासाठी मध्यापासून तीन ते पाच सेंटीमीटर मागे ही जागा मला वर्षानुवर्षं बरोबर वाटत आली आहे. बहुतेक कंपन्या स्कीवर स्वतःची खूण छापतात. आधी ती बघावी, आणि तिच्यापासून सरकायचं तर कारण असावं.

लांबीबद्दल मेसेज जे म्हणतो ते रॉकर नसलेल्या स्कीला काही अंशी लागू होतं. रॉकरवाल्या स्कीची पुढची-मागची टोकं टणक उतारावर बर्फाला टेकतच नाहीत, म्हणून 178 ची स्की कड लावताना त्याहून बरीच आखूड वागते. दुकानात एक सोपी गोष्ट करावी. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांवर ठेवून मधे हाताने दाबावेत आणि टोकाकडून कुठे फट सुरू होते ते बघावं. फट जितकी आत, तितकी टेकणारी लांबी कमी. भाचा 175 सेंटीमीटर उंच आणि 74 किलोचा आहे. मेसेजप्रमाणे तो 165 ची ट्विन-टिप घेईल आणि जरा वेग आला की ती पायाखाली थरथरू लागेल. त्याला 177 ते 180 च्या आसपास घ्यायला मी सांगितलं.

धातूचं थोडक्यात. टायटॅनल हा शब्द ऐकून लोकांना टायटॅनियम वाटतं, तो मुळात ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. कंपन शोषायला उत्तम, उकरलेल्या बर्फात स्की शांत ठेवतो. पण वजन वाढतं, हवेत फिरवणं जड जातं, आणि उडी चुकून स्की एकदा वाकली की धातू तसाच वाकलेला राहतो. तिसऱ्या हिवाळ्यातल्या माणसाला मध्यम लवचीक, नुसत्या लाकडी गाभ्याची किंवा फक्त बुटाखाली धातूची पट्टी असलेली स्की जास्त शिकवते.

डिनच्या बाबतीत मात्र मला काळजी वाटते, कारण इथे पाय मोडू शकतो. डिनचा आकडा म्हणजे पडल्यावर बूट किती जोर लागला की सुटावा, याचं माप. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. भाच्याचा आकडा सहा ते आठच्या दरम्यान येईल. 16 डिनच्या बाइंडिंगची सुरुवातच साधारण सहा-सातला होते, म्हणजे तो कायम पट्टीच्या तळाशी राहील आणि खाली आणायची गरज पडली तर जागाच उरणार नाही. त्याला 13 पर्यंतचं पुष्कळ झालं. बाइंडिंग त्याच्या बुटाच्या तळाला चालतं का हे तपासून घ्यावं, ब्रेकची रुंदी कंबरेपेक्षा थोडीशीच जास्त असावी, आणि आकडा प्रशिक्षित माणसाकडूनच लावून घ्यावा. घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नये.

मेसेज जिथे बरोबर आहे तेही सांगते. गुलमर्गला जाणाऱ्यांनी रुंद स्की जरूर घ्यावी. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर जवळपास 3,950 मीटरवर सोडतो, तिथून खाली मशीन न फिरवलेला मोकळा उतार आहे. तिथे 108 ते 115 ची कंबर सुख देते. फक्त एक विनंती. त्या उतारावर जायचं असेल तर स्कीच्या आधी हिमस्खलनात शोध घेणारा बीकन, फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) यांवर पैसे घाला आणि ते वापरायला शिका.

भाच्याला मी लिहिलं: कंबर 96 ते 100, दोन्ही टोकं वळलेली, पुढे रॉकर, बुटाखाली कॅम्बर (म्हणजे वर उचललेली कमान), मध्यम लवचीक, कड जाड. पण त्याआधी बूट. अजून भाड्याचे, एक माप मोठे बूट घालून तो कुठलीही स्की चालवू शकणार नाही. आणि ऑर्डर उद्या टाकायची नाही. शनिवारी एक 98 ची आणि एक 112 ची जोडी भाड्याने घेऊ. लिफ्ट सुरू होताच खालचा गोठलेला उतार दोन्हींवर एकेकदा, मग वर मऊ बर्फात, जेवणानंतर शेजारच्या ब्लॅककॉम्ब डोंगरावरच्या छोट्या पार्कात. त्याचं उत्तर आलं: "साडेपाचला खाली उभा राहतो. 112 आधी मी घेणार."