मीटर ४० टक्के दाखवतो, मग आवाज तडतडतो कशाला?

गाणी रेकॉर्ड-मिक्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यातला प्रोसेसरच्या लोडचा मीटर निवांत ४० टक्क्यांवर आणि स्पीकरमधून तडतड. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: कॉम्प्युटर बदला, रॅम वाढवा. चोर सोडून संन्याशाला फाशी! मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्डिंगचे साठे) लोड केल्या नसतील, तर या तडतडीशी रॅमचा काडीचा संबंध नसतो. दोष आहे तो सरासरी दाखवणाऱ्या मीटरचा आणि दिसेल तिथे 'हाय क्वालिटी' चालू करून देणाऱ्या प्लगिनवाल्यांचा (प्लगिन म्हणजे आवाज बदलणारे किंवा तयार करणारे जोड-प्रोग्रॅम).

आधी मीटर. कॉम्प्युटर आवाज सेकंदाला हजारो सॅम्पलमध्ये मोजतो आणि त्यांचे ठरावीक आकाराचे ब्लॉक करून हाताळतो; तो आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात झाडून सगळ्या प्लगिनचं गणित संपलंच पाहिजे. हजारात एका ब्लॉकला २.७ लागले की तिथे भोक पडतं, तोच 'टक्' ऐकू येतो. बाकीचे ९९९ ब्लॉक अर्ध्या वेळात उरकले म्हणून सरासरी गोंडस दिसते, एवढंच.

त्यात कोअरची भानगड. एका ट्रॅकवरचे प्लगिन एकामागून एक चालतात, कारण पहिल्याचं आउटपुट हेच दुसऱ्याचं इनपुट. ती साखळी आठ कोअरवर वाटता येत नाही. मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) सहा जड प्लगिन रचले की एक कोअर पूर्ण भरतो, बाकीचे सात बसून राहतात, आणि आठ कोअरच्या हिशेबात ऑपरेटिंग सिस्टिमचा मीटर दाखवतो १२-१३ टक्के. माणसाने यातून काय समजायचं?

आता ते 'हाय क्वालिटी' बटण. आत बहुतेक वेळा ओव्हरसॅम्पलिंग असतं, म्हणजे प्लगिनच्या आत तेवढ्यापुरते सेकंदाला जास्त सॅम्पल घेऊन गणित करणं, आणि योग्य जागी ते लागतंच. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये १० किलोहर्ट्झचा साधा साइन टोन सॅच्युरेटरमधून (आवाजात मुद्दाम विकृती आणून नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, तयार करणारा प्लगिन) काढा. तिसरा हार्मोनिक ३० किलोहर्ट्झवर जायला हवा, पण कमाल मर्यादा सॅम्पलच्या वेगाच्या निम्मी, म्हणजे २२.०५ची. मग तो उलटा फिरून १४.१ वर उतरतो, आणि पाचवा येतो थेट ५.९ वर. स्पेक्ट्रम ॲनालायझर लावलात तर या दोन्ही रेघा उघड दिसतात. मूळ सुराशी त्यांचं काही नातं नसतं, म्हणूनच कानाला ती खरखर बोचते. ४ पट ओव्हरसॅम्पलिंग केलं की मर्यादा ८८.२ वर जाते, हार्मोनिक आपापल्या जागी राहतात आणि खाली उतरताना फिल्टर त्यांना कापून टाकतो. रेघा गायब.

पण हे सॅच्युरेटर, क्लिपर आणि लिमिटर (आवाजाची टोकं छाटणारे किंवा रोखणारे), फार तर झटपट चालणाऱ्या कंप्रेसरपुरतं (आवाजाच्या चढउतारातला फरक कमी करणारा)! गेन, पॅन, साधा ईक्यू (उंच-खालच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा), डिले यांत नवे हार्मोनिक तयारच होत नाहीत, मग ओव्हरसॅम्पलिंग कशासाठी? ईक्यूचा वक्र वरच्या टोकाला आकसतो हे खरं, पण चांगले ईक्यू तो आकार गणितातूनच सांभाळतात. तरीही प्रत्येक प्लगिन स्वतंत्रपणे ४ पट वर चढतो आणि खाली उतरतो, दोन्ही वेळा फिल्टर लावतो, म्हणजे खर्च चौपटीच्याही वर. ही सेटिंग बाय डिफॉल्ट चालू ठेवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

याहून वाईट सल्ला म्हणजे ती खरखर टाळायला 'प्रोजेक्टच ९६ किलोहर्ट्झवर करा'. बफर तोच ठेवलात तर त्या १२८ सॅम्पलना मिळतात १.३३ मिलिसेकंद. गणित तेवढंच, वेळ निम्मा.

आणि गाणं संपल्यावर, शांततेत लोड उसळतो तेव्हा तर संताप होतो. रिव्हर्बची (घुमण्याच्या इफेक्टची) शेपटी विरत जाते तशा संख्या बारीक होत जातात. ३२ बिटमध्ये त्या साधारण १०^-३८ च्या खाली गेल्या की कित्येक प्रोसेसर त्यांच्यावर नेहमीपेक्षा कितीतरी पट वेळ घालवतात. असल्या संख्यांना सरळ शून्य धर, असं सांगायची सोय प्रोसेसरमध्ये आहे. कोडमध्ये एक-दोन ओळींचं काम, आणि काही प्लगिनवाले तेही करत नाहीत!

तोवर आपल्या हातात काय? रेकॉर्डिंगला बफर ६४ किंवा १२८, आणि तेव्हा मास्टरवर लिनियर फेज ईक्यू आणि लुकअहेड लिमिटर अजिबात नको. दोघांनाही पुढचा आवाज आधी पाहावा लागतो, त्यामुळे ते जो उशीर आणतात तो बफर कितीही कमी केला तरी जात नाही. मिक्सिंगला १०२४ करा. २१ मिलिसेकंद उशिराने तेव्हा काही बिघडत नाही. रिव्हर्ब बारा ट्रॅकवर बारा वेळा टाकू नका, सेंडवर (सगळ्या ट्रॅकचा आवाज पाठवायच्या सामाईक वाटेवर) एकच ठेवा. जड सिंथ (सूर तयार करणारा प्लगिन) फ्रीझ करा, म्हणजे त्याचा आवाज आधीच फाइल करून ठेवा. लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये असेल तर तो आधी बदला, क्लॉक खाली गेलेला असताना बाकी सगळी खटपट वाया जाते.

फक्त एक्सपोर्टच्या वेळी ओव्हरसॅम्पलिंग चालू करायची सोय चांगली आहे, पण ती न विचारता चालू होते तिथे घोळ होतो. क्लिपरनंतरचे पीक (आवाजाची सर्वोच्च टोकं) बदलतात, वरच्या पट्टीतली खरखर जाते, आणि ज्या आवाजावर लेव्हल ठरवल्या तो आवाज फाइलमध्ये नसतोच. शेवटचा निर्णय घेण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा एक्सपोर्ट मोडमध्येच काढून ऐका.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये प्रत्येक ट्रॅकचा वापर वेगळा दिसतो, सगळ्यात लांबलेल्या ब्लॉकला किती मिलिसेकंद लागले तेही दिसतं. म्हणजे हे करता येतं. मग ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी तोच एक सरासरीचा पट्टा आमच्या तोंडावर का मारायचा?