मुहूर्त तत्त्वावरचा प्राध्यापक

आपल्या जुन्या कालगणनेत २४ मिनिटांची एक घटिका आणि दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा, एक मुहूर्त होतो. मुंबईतल्या ज्या महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकवतो, तिथली तासिकाही नेमकी ४८ मिनिटांची आहे. त्यामुळे माझ्या नियुक्तिपत्रात ‘तासिका तत्त्वावर’ असे शब्द असले, तरी शास्त्रशुद्ध बोलायचे तर माझी नेमणूक मुहूर्त तत्त्वावर झालेली आहे. मानधनाच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच चपखल बसतो, कारण त्याचा मुहूर्त काही केल्या निघत नाही.

‘तत्त्वावर’ या शब्दाने सुरुवातीला माझीही फसगत झाली होती. दोन पदव्या, एक सेट परीक्षा आणि न्यायदर्शनावरचा एक अर्धवट प्रबंध एवढी शिदोरी घेऊन आलेल्या माणसाला वाटले की, चला, निदान नियुक्तिपत्रात तरी कोणी आपल्या विषयाची दखल घेतली. पुढे स्टाफरूममध्ये कळले की वनस्पतिशास्त्राचे आणि अकाउंट्सचे सहकारीही याच तत्त्वावर जगतात, आणि त्यांनी तत्त्वज्ञानाचे एक पानही कधी उलटलेले नाही. आमचे एक मामेसासरे लग्नकार्यात भेटले की न चुकता विचारतात, “मग उरलेल्या वेळात काय करता?” उरलेल्या वेळात मी दादरच्या पुलावर असतो. राहतो डोंबिवलीला, सकाळची तासिका दादरला आणि दुपारची दुसऱ्या महाविद्यालयात बोरिवलीला. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांच्यातले द्वैत मी आठवड्यातून चार दिवस स्वतःच्या पायांनी मिटवतो. शंकराचार्यांना ते काम निदान बसून करता आले असावे.

पहिल्या महिन्याचे बिल घेऊन मी कार्यालयात गेलो, तेव्हा हेडक्लार्क मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून सांगितले, “सर, वीस लेक्चर लिहिलीत. सोळा होतात.” मी अदबीने म्हणालो की मी वीस वेळा वर्गात गेलो आणि वीस वेळा बाहेर आलो. “बरोबर आहे. पण मानधन तासाचे आहे, लेक्चरचे नाही. अठ्ठेचाळीस गुणिले पाच दोनशे चाळीस मिनिटे, म्हणजे चार तास. पाच लेक्चरांचे चार तास धरायचे.” हिशेबात चूक नव्हती. तरीही मी संत ऑगस्टीनचा दाखला दिला की काळ म्हणजे काय हे कोणी विचारले नाही तर ठाऊक असते, आणि विचारले की सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, “मला येते सांगता. साठ मिनिटांचा तास.” पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आमच्या कार्यालयात असा दहा सेकंदांत सुटला.

त्यानंतर ते बिल प्राचार्यांच्या सहीसाठी गेले, तिथून लेखा विभागात, आणि तिथून कुठे गेले ते कळले नाही. जूनमध्ये शिकवलेल्या तासांचे मानधन दिवाळीपर्यंत आले नाही, तेव्हा मला पूर्वमीमांसेचा आधार सापडला. मीमांसकांपुढेही हीच अडचण होती. यज्ञ आज होऊन संपतो आणि स्वर्ग मात्र मेल्यानंतर मिळतो. मग संपून गेलेले कर्म इतक्या वर्षांनी फळ देते कसे? त्यांचे उत्तर असे की कर्मातून ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती निर्माण होते आणि फळ पदरात पडेपर्यंत ती टिकून राहते. विद्यार्थी असताना मला ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटायची. आता वाटत नाही. माझ्या जून ते ऑक्टोबरच्या तासिका विश्वात कुठेतरी अपूर्वरूपाने शिल्लक आहेत, या विश्वासावरच मी दर महिन्याला रेल्वेचा पास काढतो. घरमालकाला हे समजावण्याचा एकदा प्रयत्न केला होता. तो चार्वाक निघाला. प्रत्यक्षाशिवाय दुसरे प्रमाण मानत नाही.

या सगळ्यात मला धीर असतो तो इमॅन्युएल कांटचा. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण १७५५ ते १७७० अशी तब्बल पंधरा वर्षे क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात तो बिनपगारी खासगी अध्यापक होता. विद्यापीठ त्याला पगार देत नसे. व्याख्यानाला येणारे विद्यार्थी जी फी देत, त्यावर त्याचे भागत असे, आणि जोडीला १७६६ पासून त्याने उपग्रंथपालाचे कामही धरले होते. ही पद्धत आमच्याकडे आली तर काय होईल, याचा मी विचार करून पाहिला आहे. मुले पैसे देतील, नाही असे नाही. पण ते तास लवकर सोडण्याचे देतील.

कांट मला मुद्दाम आठवण्याचे कारण असे की, यंदाच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ त्याच्यातच आहे. ‘धर्माचे तत्त्वज्ञान’ या पेपरात ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे शिकवावी लागतात. जुलैमधल्या एका धो धो पावसाच्या दिवशी, लोकल रखडत चाललेल्या असताना, मी वर्गात पोहोचलो तेव्हा एकूण तीन विद्यार्थी होते, आणि त्यांपैकी एक जण कोरडा राहण्यासाठी आत आलेला वाणिज्य शाखेचा होता. मी ११व्या शतकातल्या ॲन्सेल्मचा युक्तिवाद मांडला. ज्याच्याहून श्रेष्ठ असे काही कल्पिताच येत नाही, तो ईश्वर. नुसते मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणे श्रेष्ठ. म्हणून ईश्वर प्रत्यक्षात असलाच पाहिजे. वाणिज्यवाला मुलगा म्हणाला, “सर, मग जिच्याहून चांगली कल्पिता येत नाही अशी परमनंट नोकरीपण असलीच पाहिजे ना?” गॉनिलो नावाच्या भिक्षूने ॲन्सेल्मच्या हयातीतच एका परिपूर्ण बेटाचे उदाहरण देऊन हाच आक्षेप घेतला होता. मी त्या मुलाला शाखा बदलण्याचा सल्ला देणार होतो. पण त्याच्या आईवडिलांचा विचार मनात आला आणि गप्प बसलो.

मग कांटचे उत्तर सांगितले. कांट म्हणतो की असणे हा काही वस्तूचा जादा गुण नव्हे. मनातल्या शंभर थालरांत आणि खऱ्या शंभर थालरांत नाण्यांची संख्या तीच असते, एकही कमीजास्त नसते. मात्र खिशाची स्थिती दोन्हींत सारखी नसते. हे शिकवताना माझा आवाज थोडा कापला असावा, कारण पुढच्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. बाहेर येऊन मी नोंदवहीत ‘शिकवलेला घटक’ या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले : ‘कांटचे शंभर थालर’.

मार्चमध्ये बिल परत आले. त्यावर लाल शाईत त्रुटी काढलेली होती : ‘दिनांकासमोर नमूद शंभर डॉलर कोणाकडून व कशापोटी प्राप्त झाले, याचा खुलासा करावा.’

मी धावत कार्यालयात गेलो. “मॅडम, डॉलर नव्हे, थालर. जर्मन नाणे आहे.” वास्तविक डॉलर हा शब्द थालरवरूनच आलेला आहे, म्हणजे लेखा विभागाची चूक व्युत्पत्तीच्या दृष्टीने क्षम्य होती, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

“जर्मनीहून पैसे आले तुम्हाला?”

“नाही हो. ते काल्पनिक आहेत.”

“म्हणजे ते लेक्चर काल्पनिक होते?”

“लेक्चर खरे होते. थालर काल्पनिक होते. म्हणजे शंभर खरे आणि शंभर काल्पनिक, असे दोन्ही होते. दोन्हींत संख्येने काही फरक नाही, हेच तर शिकवायचे होते.”

मॅडमनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिले. “सर, फरक नाही कसा? तुमचे जूनपासूनचे मानधन कागदावर पूर्ण मांडलेले आहे, रुपयासुद्धा कमी नाही. मी स्वतः टोटल मारली आहे. पण खात्यात आले आहे का? मग फरक नाही म्हणून मुलांना काय शिकवता?”

जी गोष्ट सांगायला मला ४८ मिनिटे लागली आणि कांटला जाडजूड ग्रंथ, ती त्यांनी शिक्का मारता मारता सांगितली होती. मी त्यांना तसे म्हणालोही. त्यावर त्यांनी ड्रॉवरमधून तीन कोरे कागद काढून माझ्यापुढे सरकवले.

“हेच सगळे खुलाशात लिहून द्या. तीन प्रतींत. आणि नाणी कोणाची, त्याचे नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट.”

बोरिवलीच्या तासाला वेळ होता. मी खुर्ची ओढली आणि लिहायला घेतले : ‘इमॅन्युएल योहान कांट…’