म्हैस, किल्ला आणि 75 टक्के

तुक्यानं मोबाइल पुढं केला. "हे वाच बघू. सकाळी शाळेच्या ग्रुपवर आलंय. मला त्यातलं दोनच कळलं. 'हाजराती' आणि 75."

मेसेज कन्नडात होता. तुक्याचं पोरगं मराठी माध्यमात दहावीला. तुक्या स्वतः त्याच माध्यमातनं दहावी पास, दुसऱ्या खेपेला. गुरुजींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि एका दमात उलगडून सांगितलं: हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बसता येणार नाही, पालकांनी येऊन भेटावं, शाळेच्या वेळेतच यावं.

"शाळेच्या वेळेत म्हणजे माझ्या मागाच्या वेळेत," तुक्या म्हणाला. "पोरगं का आलं नाही ते सांगायला बापानं खाडा करायचा. बरं हाय की."

आमचा कट्टा बेळगावच्या शहापुरात, गल्लीच्या तोंडाला. संध्याकाळी साडेसातला राजू रिक्षा लावतो, गुरुजी खानापूरकडनं गाडी मारत येतात, तुक्या माग बंद करून येतो आणि मी झेरॉक्सचं शटर अर्धं ओढून बसतो. गिरमिट, म्हणजे आमच्याकडची चुरमुऱ्याची भेळ, आलं की बाळासाहेब येतो. आधी कधीच येत नाही. नंतरही कधी येत नाही. या एका बाबतीत त्याची हजेरी शंभर टक्के आहे.

आल्या आल्या त्यानं मिरची उचलली आणि विषयही उचलला. "चूक काय हाय त्यात? सिस्टीम पाहिजे, गा. आमच्या भाच्याला विचार. इंग्लंडात आहे. मागच्या वर्षी बहिणीच्या लग्नाला आला, दोन्ही पोरांना घेऊन. शाळेनं रजा दिली नव्हती, तरी आला. परत गेला तर दंड! एका पोरामागं आई 80 पाउंड, बाप 80 पाउंड. दोन पोरं. किती झाले?"

"320," गुरुजी म्हणाले. पाढे त्यांच्या तोंडातनं आपोआप पडतात.

"तेही 21 दिवसांत भरले तर. नाहीतर दुप्पट! पाच दिवस शाळा बुडाली की नोटीस. तीन वर्षांत तिसऱ्यांदा सापडलास तर सरळ कोर्ट. याला म्हणतात सिस्टीम."

"आणि भरला भाच्यानं?" राजूनं विचारलं.

"भरला की. लगेच. ऑनलाइन."

"लग्न झालं?"

"झालं."

"जेवला?"

"जेवला की! म्हणजे काय?"

"मगे तेला दंड कशाला म्हणूलालास? ते तिकीट झालं. विमानाचं काढला, तसं शाळेचं काढला." राजूनं गिरमिटातला कांदा बाजूला सारला. "ज्याच्याकडं 320 पाउंड हायत तो लग्न जेवून जातो. ज्याच्याकडं नाहीत, तेचं पोरगं शाळेत बसतंय. शिस्त कुणाला लागली?"

आता राजूबद्दल जरा सांगतो. राजू 22 वर्षं शाळेची पोरं नेतो. सकाळी दोन फेऱ्या, दुपारी दोन. दप्तरं बाहेर हुकाला टांगलेली, आत पोरं कशी बसवलेली ते आरटीओनं न बघितलेलंच बरं. त्याच्याकडं एक लांबट वही असते, दुधाच्या हिशोबासारखी. ज्या दिवशी पोर येत नाही त्या दिवशी फुली. पालक महिनाअखेरीला दिवस कापून पैसे देतात म्हणून सुरू केलेली वही. पण मी ती बघितलीय. माझ्या मते बेळगावातला सगळ्यात खरा हजेरीपट तोच असेल, कारण त्यात खोटं लिहिलं तर राजूचेच पैसे जातात.

बाळासाहेबाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, आपल्याकडंही पालकांना दंड बसवावा. "500 रुपये लाव, बघ दुसऱ्या दिवशी कसे येतात."

"कायद्यात नाही ते," गुरुजी म्हणाले. "आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात, कलम 10 हाय, पोराला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य. त्यापुढं दंड लिहिलेला नाही. आणि कलम 8 वाचलास तर सक्तीचं शिक्षण म्हणजे सरकारवर सक्ती. पोराचा दाखला, पोराची हजेरी, पोराचं शिक्षण पुरं होणं, सगळं सरकारनं बघायचं, सहा ते चौदा वर्षांपर्यंत. सलग सात दिवस पोर दिसलं नाही की ते शाळाबाह्य धरायचं आणि आम्ही घर शोधत जायचं."

"जाता?"

"जातो की. मागच्या जुलैत गेलो. रोप लावणी सुरू होती. आई, बाप, पोरगं, पोरगी, सगळं कुटुंब चिखलात. बाप म्हणाला, गुरुजी, चार दिवस द्या, गडी मिळत नाही. मी बांधावर उभा. काय बोलू? घरी येताना मला त्यांनी काकड्या दिल्या."

"लाच!" बाळासाहेब ओरडला.

"आणि तुला गेल्या वर्षी तेच तांदूळ अर्ध्या दरात पाहिजे होते," राजू म्हणाला. "बासमती पाहिजे बेळगावचा, आणि लावणी कुणी करायची? इंग्लंडच्या भाच्यानं?"

गुरुजींची शाळा जांबोटीच्या पलीकडं. पाच इयत्ता, एक खोली. कायद्यात साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. पटावर गुरुजी आणि एक अतिथी शिक्षिका. गुरुजी मीटिंगला गेले की शिक्षिका, शिक्षिका रजेवर गेल्या की गुरुजी. मतदार यादीचं काम आलं की दोघांपैकी एक कायमचाच बाहेर. आता वरनं टूम निघालीय, पोरांची हजेरी मोबाइलवर चेहरा धरून घ्यायची. "माझ्या शाळेत रेंज नाही," गुरुजी म्हणाले. "रेंज टेकडीवर हाय. मगे रोज सकाळी पोरांना टेकडीवर नेऊन उभं करू?"

"व्यायाम होईल," बाळासाहेब.

"तू चल की. पोट कमी होईल."

तुक्याचं लक्ष अजून मेसेजवर होतं. त्याचं पोरगं वाईट नाही. मला माहीत आहे, गाईडची पानं झेरॉक्स करायला येतं, सुट्टे मोजून देतं. पण दिवाळीआधी मागावर ऑर्डर होती, बायको आजारी, कांड्या भरायला माणूस नाही. मग पोरानं आठ-दहा दिवस कांड्या भरल्या. शाळेत कारण काय लिहिलं? 'ताप'. त्या तापाचं सर्टिफिकेट माझ्याच दुकानात झेरॉक्स झालंय. खरं सांगायचं तर जानेवारी लागली की आख्खं शहापूर टायफॉइडनं आजारी असतं. एकाच डॉक्टराची सही, एकच शाई, फक्त नाव बदलतं. मी दोन रुपये पान घेतो आणि काही बोलत नाही.

"पोराचे किती दिवस गेले?" राजूनं विचारलं.

"असतील चाळीसेक. बरोबर सीमेवर हाय बघ."

"आपण सगळेच सीमेवर हाय," बाळासाहेब म्हणाला आणि त्याला स्वतःलाच ते इतकं आवडलं की छाती पुढं आली. "महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती!"

आता बाळासाहेब एकेकाळचा महाराष्ट्र एकीकरण समितीचा माणूस. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून फेरीत चालायचा. फीत अजून त्याच्या कपाटात इस्त्री करून ठेवलेली आहे. 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, तो त्याच्या घरचाच खटला असल्यासारखा तारखा सांगतो.

"महाराष्ट्रात असतो तर काय झालं असतं?" राजूनं शांतपणे विचारलं.

"तिकडं पोरीला शाळेत आल्याबद्दल सरकार भत्ता देतं. चंदगडला आमची चुलत बहीण..."

"किती देतं?"

बाळासाहेब थांबला.

"दिवसाला 1 रुपया," गुरुजींनी सांगितलं. "1992 पासून. पहिली ते चौथीच्या, मागास आणि गरीब घरच्या पोरींना."

"म्हणजे सीमाप्रश्न सुटला असता तर रुपया मिळाला असता," राजू म्हणाला. "धर. हा घे रुपया. फीत काढ."

तुक्याला ठसका लागला. चहा नाकातनं आला. पाच मिनिटं कुणी काही बोलू शकलं नाही, आणि बाळासाहेब रागावून मिरचीची दुसरी प्लेट सांगायला गेला. (पैसे गुरुजींनी दिले.)

तो गेल्यावर राजू जरा वेगळ्या आवाजात बोलला. त्याच्या रिक्षात आठवीतली एक पोरगी आहे. हुशार, बडबडी, पुढच्या सीटला टेकून उभी राहते. वहीत तिच्या नावासमोर दर महिन्याला तीन-चार फुल्या, एकाला एक लागून. दर महिन्याला. राजूला आधी वाटलं, मामाच्या गावाला जात असेल. मग त्यानं वही बायकोला दाखवली. बायकोनं वही मिटली आणि म्हणाली, तुमाला एवढं पण कळत नाही? दुसऱ्या दिवशी तिनंच पोरीच्या आईला विचारलं. शाळेत पोरींचं संडास आहे, बांधलेलं, रंगवलेलं, दारावर फुलाचं चित्र. पण कुलूप. किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात. आता त्या चार दिवसांत पोरीनं जाऊन हेडमास्तरांकडं किल्ली मागायची?

"उद्या हिचीही हजेरी कमी पडेल," राजू म्हणाला. "मेसेज तिच्या आईला येईल. किल्लीला येणार नाही."

कुणी काही बोललं नाही. गुरुजी चष्मा पुसत बसले. त्यांच्या शाळेतल्या संडासाला दारच नाही, हे त्यांनी मला नंतर एकट्याला सांगितलं.

बाळासाहेब प्लेट घेऊन आला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोण नाही. बस की."

पण तो बसतो कसला. त्याला मुद्दा जिंकायचा होता. "ते काही असू दे. कारणं सगळ्यांकडं असतात. बस नाही, पाऊस आला, रस्ता नाही. आम्ही नव्हतो जात चालत?"

"बायकांना फुकट बस केली, चांगलं केलं," राजू म्हणाला. "माझी आई पण सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आली. पण बस वाढवलेत काय? सकाळची बस गच्च भरून येते, फाट्यावर थांबतच नाही. पोरं हात करून उभी. शाळेत फुली पोराला. बसला फुली कोण मारणार?"

"शिस्त..."

"बरं, शिस्तीचंच बोलू. 2025च्या ऑक्टोबरात काय झालं? मास्तर जातीच्या सर्वेला पाहिजेत म्हणून दसऱ्याची सुट्टी 18 तारखेपर्यंत लांबवली. किती दिवस गेले, गुरुजी?"

"8 ते 18. जादा तास घेऊन भरून काढा म्हणालेत."

"बघ. सरकार शाळेत आलं नाही की सुट्टी. मास्तर आला नाही की ड्यूटी. पोरगं आलं नाही की नोटीस. आणि तुक्याचं पोर दहा दिवस कांड्या भरलं तर तेला कुणी म्हणालं काय, बाळ, जादा तास घेऊन भरून काढ?"

बाळासाहेबानं तोंड उघडलं, पण आत मिरची होती.

"दंडानं काही होत नाही," गुरुजी म्हणाले. "2024 पासून अंडी आठवड्याला सहा दिवस झाली. आधी शनिवारी माझ्याकडं निम्मी पोरं. आता शनिवारीही दिसतात. दंडानं येत नाहीत, अंड्यानं येतात."

"मी अंडं खात नाही," बाळासाहेब घाईनं म्हणाला.

"तुला केळं देतील."

मग विषय दिवाळीवर गेला, कारण बेळगावात कुठलाही विषय शेवटी दिवाळीवर नाहीतर गणपतीवर जातो. शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला. दिवाळीला मोजून चार दिवस. सरकारचं कॅलेंडर म्हैसूरच्या दसऱ्यावर चालतं आणि आमच्या पोरांचं किल्ल्यावर. वसुबारसेच्या आधी माती आणायची, पोती ओली करायची, आळीव पेरायचं, बुरूज सुकवायचे. हे सगळं शाळा सुटल्यावर दोन तासांत कसं होणार? म्हणून दर दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत तापाची एक साथ येते.

"मी एक दिवस बुडवला नाही!" बाळासाहेब म्हणाला. "सातवीत पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळालंय मला. फ्रेम केलंय."

आणि तुक्या हळूच म्हणाला, "आणि किल्ला?"

झालं. गेली चाळीस वर्षं हा विषय कुणी काढायचा नाही असं ठरलेलं आहे, आणि गेली चाळीस वर्षं तो दर महिन्याला निघतो. त्या वर्षी बाळ्याचा सिंहगड गल्लीत पहिला येणार हे नक्की होतं. तानाजीचा कडा त्यानं खरोखरचा दगड लावून केला होता. आळीव असं उगवलं होतं की मीसुद्धा गुपचूप हात फिरवून आलो होतो. दिवाळीच्या आधीचा शेवटचा शाळेचा दिवस. सगळी गल्ली बुडवून किल्ल्यावर. बाळ्या एकटा शाळेत, प्रशस्तिपत्रासाठी. दुपारी परत आला तर शेजारच्या आत्तीची म्हैस कल्याण दरवाजाला बसून रवंथ करूलालेली. आळीव सगळं खाल्लेलं. तटबंदी सपाट. महाराजांचं सिंहासन तेवढं शाबूत, म्हशीच्या शिंगाजवळ.

"म्हैस दाव्यातनं आपोआप सुटत नसते," बाळासाहेब म्हणाला. आवाज खरोखरच चढला होता. पन्नाशीचा माणूस, हातात मिरचीचं देठ. "राजू, आज खरं सांग. आईशप्पथ. म्हैस तू सोडलास काय?"

राजूनं रिक्षाची किल्ली काढली, हेडलाइट लावून बघितला, बंद केला.

"मी? मी त्या दिवशी शाळेत होतो, गा. जाऊन हजेरीपट काढून बघ. माझ्या नावापुढं 'हजर' हाय."

गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. तुक्या माझ्याकडं बघायला लागला. त्या दिवशी राजूच्या नंबराला मागच्या बाकावरनं आवाज बदलून "हजर, सर" कोण म्हणालं होतं, हे बाळासाहेबाला अजून माहीत नाही. मी उठलो आणि शटर पूर्ण खाली ओढलं.