‘एकदा स्कूबा केलं की समुद्र वाचतो’: या मेसेजचं काय करायचं?

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. मुलांना समुद्र-संवर्धनाची व्याख्यानं आणि प्रदर्शनं कशाला? एकदा मालवणला न्या आणि स्कूबा करवा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली उतरवा. दिसलं की जीव जडतो, जीव जडला की माणूस जपतो. पोहता यायची गरज नाही, प्रवाळांना काही होत नाही, माशांना हातानं भरवता येतं. शिवाय पैसा स्थानिकांना मिळतो, मासेमारी घटते, समुद्र वाचतो. एवढं सगळं एका डाइव्हमध्ये!

मला स्कूबा आवडतं, आणि मालवणचा समुद्र त्याहून जास्त. म्हणूनच हा मेसेज पुढे ढकलवत नाही.

‘दिसलं की जीव जडतो, जडला की माणूस जपतो.’ सेनेगलचे वनतज्ज्ञ बाबा डिऊम यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीत आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेच्या सभेत मांडलेल्या विचाराचं हे अर्धंमुर्धं रूप वाटतं. त्यांचा आशय असा होता: ज्यावर प्रेम असेल तेच आपण जपू, जे समजेल त्यावरच प्रेम करू, आणि जे शिकवलं जाईल तेच आपल्याला समजेल. मेसेजनं नेमकी शिकवण्याची पायरी गाळली आहे.

ती गाळली की काय होतं, ते मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या कुठल्याही बोटीवर बसून बघा. गाईड दोन-तीन खुणा दाखवतो. ‘ओके’ची खूण वेगळी, अंगठा वर केला तर तो खरंच वर घेऊन जातो. मग तो मागून तुमची टाकी धरतो आणि खाली नेतो. पहिल्यांदा उतरलेल्याचं सगळं लक्ष तोंडात धरलेल्या, टाकीतली हवा देणाऱ्या रेग्युलेटरवर, मास्कमध्ये झिरपणाऱ्या पाण्यावर आणि दडे बसलेल्या कानांवर. जरा सावरतो तोवर कॅमेरा समोर येतो. हात हलवायचा, ‘ओके’ करायचं, झालं. मालवणचं पाणी अंदमानसारखं नितळ नाही. गाळ आणि प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, ते हिरवट असतं. इथले बरेचसे प्रवाळ तपकिरी आणि ओबडधोबड. कुणी सांगितलं नाही तर तो दगडच वाटतो.

त्या दगडावर हजारो इवले जीव आहेत, त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्यांना अन्न पुरवतात, पाणी फार तापलं की ही जोडी फुटते आणि प्रवाळ पांढरे पडतात, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. एप्रिल २०२४मध्ये जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची, म्हणजे अशा पांढरं पडण्याची, अधिकृत घोषणा झाली. लक्षद्वीपलाही त्याची झळ बसली. न शिकवलेल्या पर्यटकाला असा पांढरा प्रवाळ दिसला तर तो आनंदानं फोटो काढेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, हेही बोटीतून उतरणाऱ्या किती जणांना सांगितलेलं असतं?

‘पोहता यायची गरज नाही, प्रवाळांना काही होत नाही.’ पहिला अर्धा भाग खरा आहे. चांगला गाईड सोबत असेल तर न पोहणाऱ्यालाही सुखरूप खाली नेऊन आणता येतं. पण ज्याला पाण्यात स्वतःला सावरता येत नाही त्याचे पाय त्याच्या ताब्यात नसतात, आणि पायांना लांबलचक फिन, म्हणजे पोहायचे रबरी पंख, बांधलेले असतील तर विचारूच नका. एक फटका प्रवाळाला, दुसरा तळाच्या वाळूला. उडालेला गाळ पुन्हा प्रवाळावरच बसतो. शिळेसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, तेव्हा हाताएवढा तुटलेला तुकडा किती जुना असेल याचा हिशेब करून पाहा.

यावर अभ्यासही झालेत, आणि ते या मेसेजपेक्षा बरेच रंजक आहेत. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर ३५३ डायव्हरांच्या मागे राहून त्यांचं वागणं नोंदवलं गेलं. जवळपास तीन-चतुर्थांश जणांचा प्रवाळाला किमान एकदा तरी धक्का लागलाच. डाइव्हआधी दोन वाक्यांत ‘हात लावू नका’ सांगून फरक पडला नाही. गाईडनं पाण्याखाली तिथल्या तिथे अडवलं तेव्हा धक्के ठळकपणे कमी झाले. इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात पाऊण तासाचं सविस्तर सत्र घेतल्यावर धक्क्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उतरलं. म्हणजे उतरवलं म्हणून माणूस सुधारत नाही, नीट शिकवलं आणि खाली लक्ष ठेवलं तर सुधारतो. आणि हे डायव्हर बहुतेक प्रशिक्षित होते, आयुष्यात पहिल्यांदा उतरणारे नव्हेत.

माशांना भरवण्याबद्दल फार लिहायला नको. पाव किंवा बिस्किटाचा चुरा सोडला की काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे झुंडीनं येतात, व्हिडिओ झकास होतो. ते एरवी शैवाल, प्लवक, बारीक कवचधारी जीव खातात. रोज मैदा मिळायला लागला की धीट मासे तिथेच घुटमळतात, बाकीचे लांब राहतात. मुलं यातून शिकतात एवढंच की समुद्रातले मासे आपल्या करमणुकीसाठी येतात.

आता पैशाचा मुद्दा, जो मेसेजमधला सगळ्यात फसवा आहे. डायव्हिंगमुळे मालवण-तारकर्लीतल्या कितीतरी घरांना रोजगार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा. पण त्यामुळे मासेमारी घटते, हे गणित चुकीचं. पाण्याखालचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, मासेमारीचाही जवळजवळ तोच. एकाच घरात एक भाऊ पर्यटकांची बोट चालवतो, दुसरा जाळं टाकतो. आणि किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यानं किंवा छोट्या होडीतून गिलनेट, म्हणजे मासे अडकवणारं उभं जाळं, टाकणाऱ्यानं मासेमारी सोडावी तरी का? त्याचा स्वतःचा झगडा पर्ससीनशी, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांशी, आणि रात्री एलईडीचे झोत टाकून मासळी गोळा करणाऱ्या बोटींशी आहे. पर्ससीनवर राज्यानं २०१६मध्ये निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर केंद्रानं २०१७मध्ये बंदी घातली, तरी वाद धुमसतोच आहे. सकाळी दहा वाजता पाण्याखाली गेलेल्या पर्यटकाला यातलं काही दिसणार नाही. उलट जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्क सोडवण्यासाठी आपलं जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८पासून भरपाई देतं. समुद्र वाचवणारा तो माणूस आपल्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘व्याख्यानं कशाला?’ याचं उत्तर मुंबईतच मिळेल. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७पासून ओहोटीच्या वेळी लोकांना जुहू, हाजीअलीच्या खडकांवर नेतात. घोट्याएवढ्या पाण्यात समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी दिसतात, आणि शेजारी सांगणारं माणूस असतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. तिथे ना टाकी, ना मास्क.

मग स्कूबा बंद करायचं का, असं लगेच कुणी विचारेल. मुळीच नाही. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. तिचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. डिसेंबर २०१९मध्ये संशोधकांनी तिथे मोहीम काढली तेव्हा तळाच्या नोंदी करायला डायव्हर पाण्यात उतरावेच लागले. ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स पूर्ण केलेल्यालाही १८ मीटरपर्यंतच जायची मुभा असते. म्हणजे तिथे पोचायचं तर त्याच्याही पुढचं शिक्षण हवं. मुलांना खरंच समुद्राकडे वळवायचं असेल तर आधी पोहायला शिकवा, दहा वर्षांपुढे रीतसर कोर्स करू द्या. आणि मालवणला बोट ठरवताना व्हिडिओचे किती घेता, याच्या आधी एवढं विचारा: खाली जायच्या आधी तुम्ही मुलांना काय सांगता, आणि पाव टाकता का?