उंदरांची नसबंदी? हो, मीच म्हणाले!

रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी म्हणाले, "विषाच्या वड्या टाकण्यापेक्षा उंदरांना गर्भनिरोधक द्या." झालं! "एकेकाला धरून ऑपरेशन करणार का?" हे सेक्रेटरी काका. "कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण गटाराच्या झाकणावर रंगवू," हे मागच्या रांगेतून. हसू मलाही आलं. पण आता ऐका.

ऑपरेशन नाही, पिण्याचं औषध असतं. अमेरिकेत २०१६ साली अशा एका औषधाला सरकारी मंजुरी मिळाली. मादीची बीजं घटतात, नराचे शुक्राणू बिघडतात. न्यूयॉर्कने २०२४ मध्ये उंदरांच्या गर्भनिरोधकाचा प्रयोग करण्याचा कायदा केला, तोही एका घुबडाच्या नावाने! फ्लॅको. प्राणिसंग्रहालयातून सुटून वर्षभर मॅनहॅटनमध्ये राहिला. मेला तेव्हा अंगात उंदीर मारायची चार प्रकारची विषं निघाली.

ठाण्यात घोडबंदरला, येऊरच्या जंगलाच्या कुशीत राहणाऱ्यांना हे लांबचं वाटू नये. गेल्या वर्षी पेस्ट कंट्रोल झाल्यावर आठवड्याभरात पंप रूममागे गव्हाणी घुबड मरून पडलेलं मी पाहिलं. विषानेच मेलं असं छातीठोकपणे नाही सांगणार, तपासलं कोणी? पण ब्रोमॅडिओलोन या उंदीर मारायच्या विषाची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. त्याचं रक्त गोठायचं थांबतं आणि तो मरेपर्यंत काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला, धामणीला, मांजरीला आयतं ताट. रात्रभर फुकट उंदीर मारणाऱ्यालाच आपण विष चारतो, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देतो.

बरं, उंदीर तरी कमी झाले का? मादीचं गरोदरपण जेमतेम तीन आठवड्यांचं. व्याल्यावर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. मेलेल्यांची जागा शेजारच्या नाल्यातले उंदीर घेतात. वांझ उंदीर मात्र आपलं बीळ अडवून बसतो, म्हणून मला ही कल्पना आवडते.

तरीही उद्याच औषध मागवा असं मी म्हणत नाहीये. ते सतत पोटात जावं लागतं, आणि आपल्या कचऱ्याच्या खोलीत रात्री बिर्याणी उघडी पडलेली असताना कोणता उंदीर औषध प्यायला जाईल? शिवाय वांझ उंदीरही मुततोच. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप त्या मुतातून पसरतो. २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत काय झालं ते आपण विसरलेलो नाही. म्हणजे पावसाळ्याआधी बिळं बुजवणं, पाइपांना जाळ्या आणि त्या खोलीला खालपर्यंत टेकणारं शटर याला पर्याय नाही. घरात घूस शिरली तर पिंजरा लावा, भजी अडकवा, माझी हरकत नाही.

शटरचा विषय तीन मीटिंगांपासून "पुढच्या वेळी" आहे. कोटेशन मी आणलंय. पुढच्या रविवारी सकाळी ११ वाजता, क्लब हाउस. बी विंगवाल्यांनो, या वेळी चहा पिऊन सटकू नका, मत द्यायचंय.