मुस्तफाचा गेम आणि उरलेली हॅना

‘जुना गेमर’ अशा सहीने आलेली प्रतिक्रिया चांगली दीड पानाची आहे. रागाने लिहिलेली आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे. अशा माणसाला खाली दोन ओळींत वाटेला लावणं बरं नव्हे, म्हणून इथे लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मागच्या लेखात मी ओव्हरवॉच या व्हिडिओ गेममधल्या हिरोंचे रंग आणि बाई-पुरुष मोजत बसले, ते तुम्हाला जनगणनेच्या कारकुनासारखं वाटलं. लहानपणी आपण सगळे मुस्तफा खेळायचो, तेव्हा त्याचा रंग न् धर्म कुणी विचारला होता? जे खपतं ते कंपन्या बनवतात. त्यात बळंच बायका आणि काळी माणसं कोंबली की गेमची वाट लागते, आणि त्याचा ताजा पुरावा म्हणजे असॅसिन्स क्रीड शॅडोज या गेममधला, सोळाव्या शतकातल्या जपानमधला काळा लढवय्या यासुके. एवढंच वाटतं तर गेम स्वतः बनवा. शिवाय माझी एक चूक दाखवलीत.

चुकीपासूनच सुरू करते. १९८६च्या मेट्रॉइड गेममधली सॅमस ही खेळता येणारी पहिली बाई, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, मिस पॅकमॅन १९८२ची आहे. बरोबर, चार वर्षं आधीची. तो शब्द लेखातून काढलाय. पण मिस पॅकमॅन म्हणजे काय हो? तोच पिवळा गोळा, त्याला डोक्यावर बो आणि ओठांना लाली. (गेम म्हणून ती मूळ पॅकमॅनपेक्षा सरस आहे. चार वेगवेगळे चक्रव्यूह आहेत. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.) आणि सॅमस? अख्खा गेम ती चिलखतात असते, बाई आहे हे कळत नाही. तुम्ही गेम पटकन संपवलात तर शेवटी हेल्मेट उतरतं. जितक्या लवकर संपवाल तितके तिच्या अंगावर कपडे कमी. म्हणजे बाई हे बक्षीस. तुमची दुरुस्ती मान्य, पण तिने माझा मुद्दा मोडला नाही, उलट त्याला आणखी एक उदाहरण मिळालं.

आता मुस्तफा. इथे तुम्ही माझ्या अंगणात आलात.

सांगलीला आत्याकडे मे महिना काढायचो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर होतं. तीन मशिनं, भिंतीवर ‘शाळेच्या गणवेशात प्रवेश नाही’ अशी पाटी, आणि आत घामाचा वास. आतेभाऊ मला घेऊन जायचा, कारण नेलं नाही तर मी घरी सांगेन. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला कॉलेजात कळलं. १९९३चा, कॅपकॉमचा. त्याचा नायक जॅक टेनरेक, गोरा मेकॅनिक, गाडी त्याची. पण आपल्याकडे सांगलीपासून नागपूरपर्यंत कुणी त्याला जॅकचा गेम म्हटलं नाही. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा कैरो सगळ्यांत चपळ होता, पळत येऊन किक मारली की समोरची रांग आडवी. पोरांनी अख्ख्या गेमचं बारसं केलं: मुस्तफा. कंपनीने नायक कोण हे ठरवलं होतं, पार्लरने वेगळं ठरवलं.

त्यामुळे रंग कुणी विचारला नव्हता हे मला कबूल. पण मग ‘लोकांना गोरा नायकच हवा असतो, बाजार तसा आहे’ हे कुठून आलं? एकाच प्रतिक्रियेत दोन्ही कसं बसवलंत?

आणि त्या चौकडीत आणखी एक जण होती, तुम्ही तिचं नाव घेतलं नाहीत. हॅना डंडी. जॅक सगळ्यांत समतोल, मुस्तफा वेगाचा, मेस ताकदीचा, हॅना कौशल्याची. पडलेलं हत्यार उचलून वापरण्यात तिचा हात कुणी धरायचं नाही. पण नुसत्या हाताने मारामारी करायची तर ती कमी पडायची. पार्लरमध्ये दोन पोरं आधी आपापली माणसं घ्यायची, मग उरेल त्यातलं माझं. माझ्या वाट्याला उरायची हॅना. नंतर मला ती आवडायला लागली, बंदूक मिळाली की मी कुणाला ऐकायचे नाही. पण “पोरगी आहे, पोरगी घेईल” हे मी निवडलेलं नव्हतं. कुणी रंग विचारला नाही, जुने गेमर, पण बाकीचं न विचारताच ठरलेलं असायचं.

त्याच गाळ्यातलं दुसरं मशिन स्ट्रीट फायटर २चं. १९९१चा गेम, निवडायला आठ जण, त्यातली बाई एक: चुन-ली. आतेभाऊ धालसिम घ्यायचा, कारण ‘आपला आहे’. हरायचा. धालसिम हळू, खेळायला अवघड, हातपाय रबरासारखे लांबवायचे, तोंडातून आग सोडायची, गळ्यात कवट्यांची माळ. आम्ही ‘योगा फायर’ ओरडायचो आणि आम्हाला कसलाही अपमान वाटायचा नाही. आजही वाटत नाही. मागच्या लेखात मी ‘अपमानास्पद’ म्हटलं होतं, तो शब्द मी मागे घेते.

पण आता त्या निवडीच्या पडद्याकडे पुन्हा बघा. अमेरिकेचे दोघे, केन आणि गाइल. दोघे सरळ साधे देखणे लढवय्ये. जपानचा ऱ्यू तसाच. रशियाचा झँगिएफ पैलवान, पण माणूसच. ब्राझीलचा ब्लांका म्हणजे अंगातून वीज सोडणारा हिरवा राक्षस. भारताचा धालसिम म्हणजे हाडाचा सापळा, आग ओकणारा. ज्या देशांची माणसं बनवणाऱ्यांच्या ओळखीची होती, त्यांना माणसाचं शरीर मिळालं. बाकीच्यांना ऐकीव गोष्टी मिळाल्या. यात द्वेष आहे असं मी म्हणत नाही. जपानमधल्या त्या टीमला भारत म्हटल्यावर योगी आणि हत्ती सुचले, बस. मला रस आहे तो या सुचण्यात. डोकी मोजणं ही फक्त पहिली पायरी. पात्राच्या हातात कोणत्या मूव्ह दिल्या, त्या कुठून सुचल्या, हे मला बघायचं असतं. चेहरा डिझायनर दुपारी बदलू शकतो. मूव्ह मात्र आधी विचार करून ठरवाव्या लागतात.

हे पटवायला आपलीच पुढची पिढी घेऊ. २०१६च्या ओव्हरवॉचमधली सिमेट्रा, सत्या वासवानी, हैदराबादची. ती प्रकाशाला घट्ट करून वस्तू उभारते आणि त्यासाठी हात नाचातल्या मुद्रांसारखे फिरवते. म्हणजे नाच तिच्या अंगावर घातलेला दागिना नाही, तिचं काम करण्याची पद्धत आहे. मला हे फार आवडलं. मग त्याच कंपनीने तिला ‘देवी’ नावाचा पोशाख दिला आणि अमेरिकेतल्या हिंदू मंडळींनी आक्षेप घेतला. त्या वादात मी पडत नाही, पण भारतीय बाई म्हटल्यावर दुसऱ्याच वळणाला देवी यावी याचं हसू येतं.

एपेक्स लेजंड्समधली रॅम्पार्ट याच्या उलट. रम्या पारेख, २०२० साली आली. बंदुका खोलून-जोडून देणारी कारागीर, ग्रीसने माखलेली, तोंडाळ. ना योग, ना देवी. आपल्या लक्ष्मी रोडच्या मागे दुचाकीचं गॅरेज चालवणारी एखादी असावी तशी. (त्याच गेममध्ये ‘बंगलोर’ नावाचीही एक आहे. ती काळी सैनिक आहे, बंगळूरशी तिचा काडीचा संबंध नाही. माझा भाचा आठवडाभर ती कानडी बोलेल याची वाट बघत होता.) सिमेट्रा आणि रम्या दोघींना आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, अंजली भिमानीचा. एकच गळा, पण दोन बायका. एवढी जागा मिळाली की पात्राला ‘भारताचा प्रतिनिधी’ व्हावं लागत नाही.

‘जे खपतं ते बनतं’ याबद्दल थोडंच बोलते. २०१४ साली असॅसिन्स क्रीड युनिटीमध्ये चौघांनी मिळून खेळायची सोय होती आणि चौघेही पुरुष. विचारल्यावर दिग्दर्शकाने सांगितलं, बाई घ्यायची तर ॲनिमेशनचं काम दुप्पट होईल. याच मालिकेत आधी काम केलेल्या एका ॲनिमेटरने जाहीरपणे म्हटलं, दिवस-दोन दिवसांचं काम आहे. पुढे २०१८च्या ओडिसीमध्ये कसांद्रा आणि अलेक्सिओस दोघांतून निवडता येत होतं. २०२० साली ब्लूमबर्गने छापलं, की टीमला एकटी कसांद्राच नायिका हवी होती, पण बाई खपत नाही म्हणून वरून नकार आला. हे ‘वरून’ म्हणजे बाजार नव्हे. ते एका केबिनमधल्या कुणाचा तरी अंदाज आहे. बाजारात तर १९९६पासून टूम रेडर गेमची नायिका लारा क्रॉफ्ट उभी होती, आणि २००४ साली आलेल्या जीटीए सॅन अँड्रियास गेमचा नायक सीजे आपल्या प्रत्येक सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून चोरीच्या सीडीवर खेळला जात होता. सीजे काळा आहे म्हणून कॅफेतून उठून गेलेलं एकही पोरगं मी पाहिलं नाही.

आता यासुके. इथे मी तुमच्याशी निम्मी सहमत आहे आणि उरलेल्या निम्म्याने चकित आहे.

तो ‘सामुराई’ होता का, यावर अभ्यासकांचं बोलणं चालू आहे, तो प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही लिहिलंत, ‘सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये काळा माणूस कुठून येणार?’ तो वालिन्यानो नावाच्या जेझुइट पाद्र्याबरोबर १५७९ साली आला. हा वालिन्यानो जपानला जाण्याआधी १५७४ साली कुठे उतरला होता? गोव्यात. १५८१ साली ओदा नोबुनागा या जपानी सरदाराने यासुकेला आपल्याकडे ठेवून घेतलं, पुढच्या वर्षी नोबुनागा मारला गेला. हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या माणसाने विचारावा याचं मला नवल वाटलं. त्याच काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला एक माणूस दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. मलिक अंबर. १६२४ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याने वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. जंजिऱ्याचे सिद्दी आपण चौथीच्या पुस्तकापासून ओळखतो. समुद्रावरून माणसं येतात हे कोकण किनाऱ्याच्या लोकांना तरी शिकवायला लागू नये.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि तुम्हाला ती आवडेल. २०२५च्या त्या असॅसिन्स क्रीड शॅडोजमध्ये खेळायला दोघे आहेत, नाओए आणि यासुके. नाओए हलकी, लपतछपत जाते, भिंती चढते. यासुके दांडगा, दारं फोडून आत शिरतो, पण चढायला बेताचा. खेळायला मजा येते, दोन शरीरांचे दोन गेम झालेत. पण अंमळ मागे सरकून बघा: बाई चपळ आणि नाजूक, काळा माणूस म्हणजे ताकद. मला लगेच पार्लर आठवलं. तीस वर्षांनंतर, एवढा पैसा ओतून, शरीर बघून वाटणी करायची रीत तीच. तुम्ही म्हणता यासुकेला कोंबलाय. मी कंपनीला म्हणते, घेतलात ते चांगलं केलंत, पण त्याला भिंत का चढू दिली नाहीत?

मोजदादीबद्दल तुमचा राग मी समजू शकते. मोजणं कंटाळवाणं असतं. पण २००९ साली अमेरिकन अभ्यासकांनी १५० गेम्समधली पात्रं एकेक करून मोजली, तेव्हा त्यांत सुमारे ८५ टक्के पुरुष निघाले, आणि लॅटिन अमेरिकन वंशाची पात्रं ३ टक्क्यांहूनही कमी, त्यांतलं एकही खेळायला मिळत नव्हतं. खेळणाऱ्याला हे दिसत नाही, कारण खेळताना आपण एका वेळी एकालाच बघतो. ओव्हरवॉचने गोरिला दिला, हॅम्स्टर दिला, काळ्या बाईची पाळी मात्र २०२२ साली सोजर्न आली तेव्हा लागली. हे मोजल्याशिवाय मला कळलं नसतं. पण मागच्या लेखात मी मोजून थांबले. तिथे तुमची टीका लागली, आणि ती बरोबर आहे.

‘स्वतः बनवा.’ बनवलाय ना. पुण्यात, नोडिंग हेड्स गेम्सने. राजी: ॲन एन्शंट एपिक. २०१७ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे राहिले नाहीत, तरी रेटत नेलं आणि २०२० साली गेम बाजारात आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं. राजी सर्कशीतली मुलगी आहे, हरवलेल्या भावाला शोधतेय. खांबावर चढून गिरकी घेते, भिंतीवरून उलटी झेप घेते, हातात त्रिशूळ. त्या सगळ्या मूव्ह डोंबाऱ्याच्या खेळात बघितलेल्या आहेत. गेम निर्दोष नाही, कॅमेरा कधीकधी डोकं उठवतो आणि शेवट उरकल्यासारखा वाटतो. पण ती मुलगी अशी का हलते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत की तुमच्या गावच्या पार्लरमध्ये मुस्तफा एका कॉइनमध्ये संपवणारा एकच जण होता आणि तो तुम्ही. विश्वास ठेवते. फक्त एक सांगा: तिघे खेळायला उभे असले, की तुमच्याकडे हॅना कोण घ्यायचं?