मऊ, सैल आणि बांगडे

जूनअखेरचा पाऊस, वीज गेलेली, आणि मालवणच्या आमच्या पडवीत भाचा वही घेऊन समोर. "मामा, लीनियंट, लॅक्स, परमिसिव्ह, इंडल्जंट. फरक सांग. उद्या बाईंना दाखवायचाय."

मी इंग्रजी घेऊन बीए झालो, हे या घरात माझ्याखेरीज कोणीच विसरलेलं नाही.

"लीनियंट म्हणजे चूक धरायची, पण शिक्षा हलकी. मूळ लॅटिन शब्द 'मऊ' या अर्थाचा. लॅक्स म्हणजे सैल. नियम भिंतीवर आणि माणूस झोपाळ्यावर. रिलॅक्स त्यातलाच. लॅक्सेटिव्हसुद्धा."

"ते काय?"

"जुलाबाचं औषध."

आतून आई ओरडली, "कोणाचा पोट बिघाडला रे?"

परमिसिव्ह म्हणजे मुळातच मोकळीक आणि इंडल्जंट म्हणजे लाडापोटी सूट, एवढं सांगून मी आईकडेच बोट दाखवलं. माझ्या लहानपणी या चारांतला एकही शब्द तिला लागू पडत नव्हता. हातात हिराची केरसुणी असे. नातवाला मात्र जेवताना मोबाइल चालतो, वर भरवणंही होतं.

आई बाहेर आली. "इतके शब्द कित्याक? 'जांवदे' म्हणान सोड."

खरं आहे. तिचा तुटक 'जांवदे' लीनियंट असतो, पुढच्या वेळी गाठ माझ्याशी आहे असा. जांभई देत लांबवलेला लॅक्स. नातवाच्या केसांतून हात फिरवत म्हटलेला इंडल्जंट. पण हे वहीत कसं लिहायचं?

"आणि टर्न अ ब्लाइंड आय?"

इथे मी खुललो. म्हणजे काणाडोळा करणं. 1801 ची कोपनहेगनची लढाई, वरिष्ठांचा माघारीचा इशारा, आणि इंग्रज नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावून 'मला तर काही दिसत नाही' म्हटल्याची कथा. दुर्बिणीच्या जागी मी लाटणं वापरलं.

एवढ्यात मागच्या दाराने शेजारी आला, पिशवीत ताजे बांगडे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बिनइंजिनाच्या होडीला सूट असते. पण समोर समुद्र असा खवळलेला, की वल्ह्याची होडी कोण घालेल?

"आजी, हे कुठल्या बोटीचे?" भाच्याने विचारलं.

"होडीचे आसत," आई शेजाऱ्याच्या आधीच म्हणाली आणि विळी घेऊन बसली.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. मी चष्मा काढून पुसायला घेतला.